स्तनांचा भार कमी करण्याची शस्त्रक्रिया: तीन सर्जन तीन वेगळे सल्ले का देतात?

समजा, तुम्ही काळेवाडीत राहता. रोज फाट्यावरून कंपनीची बस धरून चाकणला जाता आणि पाळीचे आठ तास लाइनवर उभ्या राहता. स्तन खूप जड असल्याने मान आणि पाठ सतत दुखते. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खाचा पडल्या आहेत. उन्हाळ्यात स्तनांखालची त्वचा ओली राहून सोलवटते, खाजते. शेवटी धीर करून तुम्ही प्लास्टिक सर्जनला दाखवता. पहिले डॉक्टर म्हणतात, "करून टाकू, दोन दिवसांत घरी." दुसरे म्हणतात, "आधी दहा किलो वजन उतरवा." तिसरे म्हणतात, "लग्न, बाळंतपण होऊ द्या, मग बघू." टाके कुठे येतील, नळी ठेवणार की नाही, रजा किती लागेल, सगळ्याचीच उत्तरे वेगळी. एका अंदाजपत्रकात जीएसटी लावलेला, दुसऱ्यात नाही. आणि विमा कंपनी सांगते की ही कॉस्मेटिक सर्जरी आहे, पैसे मिळणार नाहीत.

अशा वेळी बहुतेक बायका दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. डॉक्टरांनाच नक्की माहीत नाही, किंवा कुणीतरी फसवते आहे. प्रत्यक्षात या फरकांची मुळे तीन आहेत. काही फरक तुमच्या शरीरामुळे पडतात आणि ते पडायलाच हवेत. काही सर्जन कुठे शिकला आणि त्याचा हात कशावर बसला आहे यातून येतात. उरलेले पैसे कोण देणार यावरून ठरतात, आणि त्यांचा तुमच्या पाठदुखीशी काही संबंध नसतो. कोणता फरक कुठल्या मुळाचा हे ओळखता आले, तर दुसरे मत घेऊन गोंधळ वाढण्याऐवजी कमी होतो.

ग्रॅमचा हिशेब कुठून आला?

शस्त्रक्रिया गरजेची की हौसेची, हे ठरवण्यासाठी जगभर एक सोपे माप शोधले गेले: किती वजनाचा भाग काढणार? अमेरिकेत १९९१ मध्ये श्नुर नावाच्या सर्जनने इतर प्लास्टिक सर्जनांकडून माहिती मागवून एक तक्ता तयार केला. शरीराच्या एकूण पृष्ठभागाच्या मानाने किती ऊती काढली, यावरून बाई त्रासासाठी आली होती की दिसण्यासाठी, याचा अंदाज त्यात बांधला होता. पुढे विमा कंपन्यांनी तो तक्ता उचलला आणि पैसे द्यायचे की नाही हे त्यावरून ठरवू लागल्या. इंग्लंडमध्ये एनएचएसने २०१८ मध्ये या शस्त्रक्रियेवर अटी घातल्या. प्रत्येक बाजूने किमान ५०० ग्रॅम किंवा चार कप साइझ कमी होणार असेल, बीएमआय २७ पेक्षा कमी असेल आणि तो वर्षभर स्थिर असेल, तरच सरकारी खर्चाने करायची. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईसाठी याचा अर्थ वजन ६५ किलोच्या आत हवे.

आता याच उंचीची, लहान चणीची आपल्याकडची बाई घ्या. तिच्या प्रत्येक बाजूने ३५० ग्रॅम काढले तरी तिच्या मानेवरचा ताण हलका होऊ शकतो. ग्रॅमच्या हिशेबात मात्र ती बसत नाही. अमेरिकेतच झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असे दिसले की व्यायाम, फिजिओथेरपी, वजन कमी करणे, खास ब्रा यांनी या बायकांना कायमचा आराम मिळाला नव्हता, शस्त्रक्रियेने मिळाला. आणि तो आराम किती ग्रॅम काढले यावर अवलंबून नव्हता. अमेरिकन सोसायटी ऑफ प्लास्टिक सर्जन्सच्या २०२२ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे: त्रासाची लक्षणे पाहून निर्णय घ्या, काढायच्या वजनावरून नको.

म्हणून कुणी डॉक्टर किंवा विमा कंपनीचा माणूस फक्त "किती ग्रॅम?" एवढेच विचारत असेल, तर तो नियम शरीराचा नाही, खर्च आवरण्याचा आहे हे लक्षात घ्या. याचा अर्थ प्रत्येक पाठदुखीचे कारण स्तनच असते असाही नाही. लाइनवर चुकीच्या उंचीच्या टेबलापाशी वाकून काम केल्यानेही मान धरते. चांगला सर्जन आधी ते तपासतो, ब्राचे माप बरोबर आहे का ते विचारतो आणि गरज पडली तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवतो. हा वेळकाढूपणा नाही.

देठ कुठला ठेवायचा?

सर्जनांमधले सर्वांत मोठे मतभेद प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर आहेत. ते समजायला थोडी शरीररचना पाहू.

शस्त्रक्रियेत जादा चरबी, ग्रंथी आणि त्वचा काढतात, उरलेल्या भागाला आकार देतात आणि खाली ओघळलेले स्तनाग्र वर नेऊन बसवतात. पण स्तनाग्र सुटे काढून वर चिकटवले तर त्याचा रक्तपुरवठा, संवेदना आणि दुधाच्या नलिका तुटतात. म्हणून ते एका जिवंत पट्टीला जोडलेले ठेवून सरकवतात. या पट्टीला इंग्रजीत 'पेडिकल' म्हणतात. आपण तिला देठ म्हणू, कारण काम तेच आहे: फळ देठावर तगते तसे स्तनाग्र या पट्टीवर तगते.

देठ खालच्या बाजूचा ठेवला तर चौथ्या बरगडीजवळून येणारी संवेदनेची नस आणि दुधाच्या नलिका बऱ्याच अंशी शाबूत राहू शकतात. ही पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाली आणि अमेरिकेत अनेक वर्षे सर्वाधिक वापरली गेली. मोठ्या स्तनांतही ती भरवशाची आहे. तिचा तोटा असा की सगळा भार खालीच राहतो. काही वर्षांनी खालचा भाग पुन्हा सैल पडतो आणि स्तनाग्र वर पाहू लागते.

देठ वरच्या-आतल्या बाजूचा, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाकडून ठेवला, तर त्या बाजूच्या चांगल्या रक्तवाहिन्या मिळतात. खालचा जड भागच काढला जात असल्याने आकार जास्त काळ टिकतो. बेल्जियममधल्या मॅडलिन लेजूर आणि कॅनडातल्या एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनी १९९० च्या दशकात लहान व्रणाच्या, उभ्या टाक्याच्या पद्धती लोकप्रिय केल्या. हॉल-फिंडले यांची पद्धत आतल्या बाजूच्या देठाची आहे. आज बरेच तरुण सर्जन याच वाटेने जातात. यात सुरुवातीला स्तनाखाली चुण्या दिसतात, आकार बसायला काही महिने लागतात, आणि आरशात पाहून बाई घाबरते. आधी सांगितले असेल तर घाबरत नाही.

देठ कुठला हा एक प्रश्न झाला. व्रण कुठे येणार हा दुसरा, आणि या दोन्हींची लोक नेहमी गल्लत करतात. एक व्रण स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळावर आणि तिथून सरळ खाली, एवढाच असतो. दुसऱ्यात त्याला स्तनाखालच्या घडीत आडवी रेघ जोडली जाते आणि उलट्या 'टी'चा आकार होतो. या दुसऱ्या आराखड्याला रॉबर्ट वाइज यांचे नाव आहे. त्यांनी १९५६ मध्ये तो मांडला, आणि तो आखताना ब्रा शिवण्याच्या कापडी कापांचा आधार घेतला होता. शिंपी आधी कागदावर काप आखतो तसेच सर्जन आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी तुम्हाला उभे करून मार्करने त्वचेवर आखतो. त्वचा खूप सैल आणि स्तन खूप मोठे असतील तर आडवी रेघ टाळता येत नाही. "मी फक्त छोटा टाका घालतो" असे कुणी न तपासता फोनवर सांगत असेल तर सावध व्हा. आपल्या सावळ्या त्वचेत व्रण जाड किंवा काळा पडण्याची शक्यता अधिक असते. तुमच्या कानाच्या भोकावर, लसीच्या खुणेवर किंवा सिझेरियनच्या टाक्यावर गाठ धरली असेल तर ते डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता दाखवा.

मग दोन देठांपैकी चांगला कोणता? वर सांगितलेल्या २०२२ च्या तत्त्वांनी खालचा आणि वरचा-आतला, दोन्ही चालतील असे म्हटले आहे. माझेही मत असे की सरावाचा हात नवीन फॅशनपेक्षा मोलाचा. जो सर्जन खालच्या देठाने पंधरा वर्षे करत आला आहे, त्याला "इंटरनेटवर वाचले, तुम्ही दुसरी पद्धत करा" असा आग्रह धरू नका. विचारायचे ते असे: "माझ्यासाठी हीच पद्धत का? मला दुसरी का नको?" "मी नेहमी हेच करतो" हे अर्धे उत्तर झाले. "तुमचे स्तनाग्र इतके सेंटिमीटर वर न्यायचे आहे, त्वचा अशी आहे, तुम्हाला पुढे मूल हवे आहे, म्हणून हा देठ" हे पूर्ण उत्तर.

फार म्हणजे फारच मोठे स्तन असतील, किंवा रक्तपुरवठा धोक्यात असेल, तर काही वेळा स्तनाग्र पूर्ण सुटे करून त्वचेच्या कलमासारखे बसवावे लागते. ही पद्धत १९२२ पासून आहे. यात संवेदना आणि त्या स्तनातून दूध पाजणे, दोन्ही जाते. याची संमती स्वतंत्रपणे, समजावून घेतली गेली पाहिजे.

नळी ठेवण्याबद्दल थोडेच. स्तनात एक-दोन दिवस ड्रेन ठेवायची जुनी सवय अजून अनेक ठिकाणी आहे. सरसकट ठेवण्याची गरज नाही, असे पुरावे सांगतात. ठेवली म्हणून काही बिघडत नाही.

बाळंतपण, वजन आणि मिश्री

"मूल झाल्यावर या" या सल्ल्यात तथ्य आहे आणि थोडा समाजही आहे. तथ्य असे की गरोदरपणात स्तन पुन्हा वाढतात आणि ओघळतात, त्यामुळे केलेल्या कामावर पाणी पडू शकते. दूध पाजण्याबद्दल २०१७ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. स्तनाग्रामागचा ग्रंथी-नलिकांचा स्तंभ पूर्ण जपणाऱ्या पद्धतींत बहुतेक स्त्रिया काही प्रमाणात पाजू शकल्या होत्या, तो तोडणाऱ्या पद्धतींत फारच थोड्या. म्हणजे "ऑपरेशननंतर दूध येतच नाही" हे सरसकट खरे नाही. कुठला देठ, यावर ते अवलंबून आहे. पण पुरेसे दूध येईलच अशी हमी कोणताही प्रामाणिक सर्जन देणार नाही.

समाज असा की बावीस वर्षांच्या मुलीला होणारा त्रास तिच्या न ठरलेल्या लग्नापेक्षा दुय्यम मानला जातो. आई सोबत आलेली असते, आणि बऱ्याचदा उत्तर आईला दिले जाते. स्तनांची वाढ थांबलेली हवी, माप निदान काही महिने स्थिर हवे, ही वैद्यकीय अट आहे. लग्न ही वैद्यकीय अट नाही. त्रास सहन होण्यापलीकडे असेल तर निर्णय त्या मुलीचा आहे, फक्त तो दूध पाजण्याची जोखीम समजून घेतलेला असावा.

वजनाचे गणित अलीकडे बदलले आहे. जास्त वजनात जखम उशिरा भरते, संसर्ग आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून वजन कमी करा म्हणणारा सर्जन चुकत नाही. पण प्रत्येकाची रेषा वेगळी. कुणी बीएमआय ३० ला थांबतो, कुणी ३५ ला. स्तनांच्या भारामुळे धावणे-चालणे जमत नाही, म्हणून वजन उतरत नाही, आणि वजन उतरत नाही म्हणून शस्त्रक्रिया होत नाही, हा फेरा अनेकींच्या वाट्याला येतो. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने भारतात आल्यापासून काही जणी ती घेऊन मग सर्जनकडे येतात. त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. वजन घटत असताना शस्त्रक्रिया करू नये. ते स्थिरावू द्यावे, नाहीतर नंतर स्तन पुन्हा रिकामे होऊन ओघळतात. आणि इंजेक्शन चालू असल्याचे भूलतज्ज्ञाला सांगितलेच पाहिजे, कारण या औषधांनी पोट उशिरा रिकामे होते आणि भुलीत उलटी फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

आता मिश्री. परदेशी पाठ्यपुस्तके "धूम्रपान करता का?" हा प्रश्न विचारायला शिकवतात. आपल्याकडे बाई "नाही" म्हणते, आणि ते खरेच असते. पण सकाळ-संध्याकाळ भाजलेल्या तंबाखूची मिश्री, म्हणजे मशेरी, दातांना लावण्याची सवय आपल्या भागात थोडीथोडकी नाही, आणि ती तंबाखूत मोजायची असते हे लावणारीला वाटतच नाही. मिश्रीतही निकोटिन असते आणि निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवते. ज्या देठावर स्तनाग्र तगायचे आहे त्याचा पुरवठा त्यामुळे कमी पडू शकतो. शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस मिश्री, गुटखा, सिगारेट पूर्ण बंद हवी. मधुमेह असेल तर साखरही आटोक्यात हवी. एखाद्या सर्जनने या कारणासाठी तारीख पुढे ढकलली, तर तो तुमचे स्तनाग्र वाचवतो आहे.

एकच शस्त्रक्रिया, दोन बिले

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला. (कंपनीच्या ग्रुप पॉलिसीला ही सूट नाही.) पॉलिसी स्वस्त झाली, पण तिच्या आतली वगळण्याची यादी बदललेली नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये सर्व कंपन्यांसाठी ठरवलेल्या त्या यादीत आठव्या क्रमांकावर कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी आहे. तिथे अनेक जण वाचायचे थांबतात. पुढे अपवाद दिलेले आहेत: अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, तसेच रुग्णाच्या आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार, तोही उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केलेला.

वर्षानुवर्षांची मानदुखी आणि वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग "थेट आणि तातडीचा धोका" ठरतो का? शब्द कडक आहेत, आणि विमा कंपनी त्यांचा कडक अर्थ लावते. म्हणून कागद महत्त्वाचे. त्वचेचा त्रास झाला तेव्हा त्वचारोगतज्ज्ञाने लिहिलेली चिठ्ठी, फिजिओथेरपी केल्याच्या नोंदी, मानेचा एक्स-रे, सर्जनने मोजलेली मापे हे सगळे शस्त्रक्रियेच्या आधीच्या तारखांचे हवे. खोटे काही लिहून घेऊ नका, तो विमा रद्द व्हायचा सरळ रस्ता आहे. पण खरा त्रास केसपेपरवर येऊ द्या. डॉक्टरांना सांगताना लाज वाटते म्हणून बाई "पाठ दुखते" एवढेच बोलते, केसपेपरवरही तेवढेच उतरते, आणि दोन वर्षांनी दाव्यासोबत जोडायला तेवढाच कागद असतो.

जीएसटीचेही असेच. आरोग्यसेवेवर कर नाही, पण २०१७ च्या अधिसूचनेने कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीला या सवलतीतून वगळले आहे. जन्मजात दोष, वाढीतली विकृती किंवा इजा यांमुळे बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करण्यासाठी केली असेल तेव्हा मात्र कर नाही. किशोरवयात स्तनांची झालेली बेसुमार वाढ ही वाढीतली विकृती मानायची की नाही, हे एक रुग्णालय असे लावते, दुसरे तसे. अंदाजपत्रक घेताना कर धरला आहे का आणि का, हे विचारा.

दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागा. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही, आणि कुठल्या अटीखाली फेटाळला हे कळवावे लागते. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्यात नारायण पेठेत विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

विमाच नसेल तर? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू आहे, पण ती ठरलेल्या यादीतल्या उपचारांनाच पैसे देते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे यादी तपासा. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल तर सुरुवात मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयातून करावी. संत तुकारामनगरचे वायसीएम किंवा पुण्यातले ससून इथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून निदान एक मत असे मिळवता येते, ज्यात पॅकेज विकण्याचा प्रश्न नसतो.

रजा, आणि जपून ठेवायचे कागद

"दोन आठवड्यांत कामावर" म्हणणारा सर्जन संगणकावर बसणारी बाई डोळ्यांसमोर ठेवतो. तुम्ही पार्ट उचलत असाल, हात खांद्याच्या वर नेत असाल, तर जड काम चार ते सहा आठवडे नको. "काय काम करता?" हे डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्ही सांगा, आणि हलक्या कामाचे लेखी प्रमाणपत्र घ्या. सुपरवायझर तोंडी ऐकत नाही. बसमधले धक्के आणि दुचाकी, दोन्ही सुरुवातीला त्रास देतात. उलट्या 'टी'च्या सांध्यापाशी जखम थोडी उघडणे ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. ती बहुतेकदा ड्रेसिंगने भरते. स्तन अचानक एका बाजूने टणक फुगला, स्तनाग्र निळे-काळे पडू लागले, ताप आला, पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका.

शस्त्रक्रियेआधी चाळिशीनंतर मॅमोग्राफी करून घ्या. काढलेला भाग पॅथॉलॉजीकडे गेला पाहिजे, कारण क्वचित कर्करोग तिथेच पहिल्यांदा सापडतो. तो रिपोर्ट हातात घ्या. डिस्चार्ज कार्डावर नुसते "ब्रेस्ट रिडक्शन" असे नको. कुठला देठ ठेवला, प्रत्येक बाजूने किती ग्रॅम काढले, हे लिहून मागा. पाच-दहा वर्षांनी गाठ लागली किंवा पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली, तर नव्या सर्जनला आधी हेच पाहावे लागते. जुना देठ माहीत नसताना तो चुकून कापला गेला तर स्तनाग्राचा रक्तपुरवठा तुटतो. मॅमोग्राफी करणाऱ्यालाही जुनी शस्त्रक्रिया सांगा, कारण आतल्या व्रणाच्या आणि मेलेल्या चरबीच्या सावल्या फिल्मवर गाठीसारख्या दिसू शकतात.